तीन सेकंद डोळे, दोन सेकंद कपाळ

वाचायला बसलात ना? जरा थांबा, आधी एक कसरत करा. शेजारी जे कुणी असेल, ताई, दादा, आजोबा, बाकावरचा दोस्त, त्यांच्याशी दोन मिनिटं गप्पा मारा. विषय कोणताही चालेल, फक्त नियम पाळायचे. तीन सेकंद समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं, मग दोन सेकंद कपाळाकडे, पुन्हा तीन सेकंद डोळे. आकडे मनातल्या मनात मोजायचे. समोरचा हसला की तुम्हीही हसायचं, पण त्याच्याहून जरा कमी. दर चौथ्या वाक्याला ‘हो ना’ म्हणायचं. हात मांडीवरून हलवायचे नाहीत. आणि हे सगळं चालू असताना तो काय बोलतोय तेही नीट ऐकायचं, कारण शेवटी तुम्हाला त्यावर एक प्रश्न विचारायचाय.

झालं? काय बोलला तो?

बहुतेकांचं एकतर मोजणं चुकलं असेल, नाहीतर ऐकणं. गप्पा मारणं हे एरवी किती सोपं काम! कधी बघायचं, नजर कधी वळवायची, मान कधी डोलवायची, याचा हिशेब आपण ठेवतच नाही. मेंदू तो परस्पर उरकून टाकतो. तोच हिशेब एकेक करून आपल्याला मांडावा लागला की दोन मिनिटांत जीव मेटाकुटीला येतो.

आता ऐका. काही मुलं आणि काही मोठी माणसं हा हिशेब रोज मांडतात. शाळेची घंटा झाल्यापासून सुटेपर्यंत, ऑफिसात शिरल्यापासून निघेपर्यंत. आणि इतक्या बेमालूमपणे मांडतात, की शेजारी बसणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

ही माणसं ऑटिस्टिक असतात. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. तो सर्दी-खोकल्यासारखा एकाचा दुसऱ्याला होत नाही, औषधानं जात नाही, आणि आईवडिलांच्या लाडामुळे किंवा धाकामुळे तर मुळीच येत नाही. मेंदूची घडणच जन्माआधीपासून वेगळ्या वळणानं झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं साधारण शंभर-सव्वाशे माणसांमागे एक जण ऑटिस्टिक असतो. म्हणजे तुमची शाळा बऱ्यापैकी मोठी असेल, तर तिथे दोन-चार जण असणारच. पण सगळे एकसारखे नसतात हं. काहींना बोलता येत नाही, रोजच्या कामांत आयुष्यभर मदत लागते. काही घडाघडा बोलतात आणि गणितात पैकीच्या पैकी आणतात. कुणाला आवाज सहन होत नाहीत, कुणाला शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी दिवसभर टोचते, कुणाला ठरलेला बेत अचानक बदलला की घाम फुटतो. आनंद झाला किंवा भीती वाटली की काही जण हात फडफडवतात, काही डुलतात. त्यानं त्यांना बरं वाटतं, मन जाग्यावर येतं.

या सगळ्यावर जे पांघरूण घालतात, त्यांच्याबद्दल मला आज सांगायचंय. शास्त्रज्ञ याला मास्किंग म्हणतात. चला, भंडारा जिल्ह्यात जाऊ.

पवनी तालुक्यातली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सातवीत शिकते. ही मुलगी मी मनानं रचलीय, पण तिच्यासारख्या सवयी खऱ्याखुऱ्या ऑटिस्टिक माणसांनी संशोधकांना सांगितलेल्या आहेत.

या मुलीला वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं वेड आहे. वेड म्हणजे कसलं! १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, हे तर ती झोपेतही सांगेल. धरणाला ३३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात पेपरात रोज छापून येतं, आज इतके दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले, इतके बंद केले, कारध्याच्या पुलाशी पाणी कुठवर आलंय. ती रोजचा आकडा वहीत उतरवते. तिच्याकडे तीन पावसाळ्यांच्या वह्या आहेत. मला विचाराल तर अशी वही एखाद्या इंजिनिअरकडेही सापडायची नाही. पण चौथीत असताना तिनं मधली सुट्टीभर सगळ्यांना दरवाजे समजावून सांगितले, तेव्हा कुणीतरी तिला ‘गेटवाली’ म्हटलं आणि सगळे खो-खो हसले. त्या दिवसापासून तिनं स्वतःला नियम घालून घेतला. दरवाज्यांबद्दल दिवसाला एकच वाक्य. तेही कुणी विचारलं तरच.

सकाळी परिपाठाला लाउडस्पीकर कुईं करतो. पूर्वी ती अशा वेळी डोळ्यांसमोर बोटं नाचवायची. कुणीतरी तिची नक्कल केली, म्हणून आता ती बुटाच्या आत पायाची बोटं आवळते आणि सोडते, आवळते आणि सोडते. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. खिशात एक चिंचोका असतो. घासून घासून गुळगुळीत झालेला. अंगठा त्याच्यावर फिरत राहतो. वर्गात मॅडमनी विनोद केला की ती पुढच्या बाकावरच्या मुलीच्या खांद्यांकडे बघते. खांदे हलले की हसायचं. त्यामुळे तिचं हसू नेहमी अर्धा सेकंद उशिरा येतं, पण एवढं बारीक कोण बघतंय? पोषण आहाराच्या वेळी व्हरांड्यात स्टीलच्या ताटांचा खणखणाट सुरू होतो. तिला दोन्ही कानांवर हात दाबून धरावेसे वाटतात. म्हणून ती ताट दोन्ही हातांनी घट्ट धरते. हात गुंतलेले बरे.

आणि रविवारी रात्री ती सोमवारची तयारी करते. गृहपाठाची नाही हो, गप्पांची! ‘काय केलं गं काल?’ असं मैत्रीण विचारणारच. उत्तर तयार. ‘मामा आला होता, भजी केली होती. आणि तू?’ हे ‘आणि तू?’ तिनं चुलतबहिणीकडून उचललंय. ते म्हटलं की समोरचा खूश होऊन स्वतःबद्दल बोलायला लागतो आणि आपली सुटका होते, हा शोध तिचा तिनं लावलाय.

मॅडमना विचारा. ‘शांत आहे, शहाणी आहे, काही त्रास नाही.’

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लॉरा हल आणि त्यांचे सहकारी या लपवालपवीचा अभ्यास करत होते. त्यांनी अगदी सरळ मार्ग धरला. ज्यांना माहीत आहे त्यांनाच विचारायचं. तुम्ही लपवता का? कसं? कशासाठी? आणि मग तुमचं काय होतं? ९२ ऑटिस्टिक प्रौढांनी उत्तरं पाठवली आणि २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. कशासाठी, याची उत्तरं कुणालाही समजतील अशीच होती. मित्र हवेत, नोकरी टिकायला हवी, टोमणे नकोत. ‘कसं’ची उत्तरं मात्र भन्नाट होती. काही जण लोकांचं निरीक्षण करून त्यांचे हावभाव उचलतात. काही संवाद पाठ करून जातात. काही हाताची चाळवाचाळव कुणाला दिसणार नाही अशा जागी नेऊन ठेवतात.

पुढे याच गटानं २५ वाक्यांची एक प्रश्नावली तयार केली. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं, ते एक ते सात या आकड्यांत सांगायचं. त्या वाक्यांचे तीन गट होतात. जे आपोआप जमत नाही ते बाहेरून शिकून भरून काढणं हा एक. आपलं वेगळेपण झाकणं हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे मन नसतानाही रेटून सगळ्यांत मिसळणं. आपली पवनीची मुलगी तिन्हीत हुशार! ‘आणि तू?’ पहिल्या गटातलं, चिंचोका दुसऱ्यातला, आणि सहलीत सगळ्यांबरोबर गाण्याच्या भेंड्या खेळणं तिसऱ्यातलं.

इथे कुणीतरी हात वर केलेला मला दिसतोय. ‘पण असं तर आम्हीही करतो! पाहुणे आले की शहाण्यासारखं बसतो.’

खरं आहे. थोडंफार सोंग सगळेच आणतात. भंडाऱ्याच्या पोरांना तर याचा चांगलाच सराव आहे. तिकडे कितीतरी घरांत झाडीबोली बोलतात. पाण्याला ‘पानी’ म्हणायचं, डोळ्यांना ‘डोरे’. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर अभ्यास केला अशी ही भरघोस बोली आहे. पण शाळेत पुस्तकातली मराठी चालते, म्हणून घरी ‘डोरे’ म्हणणारं पोर मॅडमसमोर जिभेला चिमटा काढून ‘डोळे’ म्हणतं. सुरुवातीला एकेक शब्द तपासून तोंडातून बाहेर काढावा लागतो. चुकला की कुणीतरी हसतं. तेव्हा आपलं काहीतरी झाकून बोलताना कसं वाटतं, हे त्या पोराला बरोबर माहीत असतं.

पण आता पुढचं बघा. दोन-तीन वर्षांत जीभ वळते. शाळेची मराठी आपोआप यायला लागते, मोजावं लागत नाही. आणि शाळा सुटली की अख्ख्या गल्लीत ‘डोरे’ म्हणणारेच असतात. दप्तर टाकलं की बोली मोकळी! ऑटिस्टिक माणसाचं तसं होत नाही. सातवीत जे मोजून करावं लागतं ते बऱ्याच जणांना चाळिसाव्या वर्षीही मोजूनच करावं लागतं. आणि त्याची बोली बोलणारं गल्लीत कुणी नसतं. कधीकधी घरातही नसतं.

त्यातून डोळ्यांचा प्रश्न. ‘माझ्याकडे बघून बोल!’ हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? आपल्याकडे नजर चुकवणारा म्हणजे खोटारडा, असं मोठ्यांनी ठरवूनच टाकलंय. अमेरिकेत बोस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात नूशीन हाजीखानी यांच्या गटानं २०१७ साली एक तपासणी प्रसिद्ध केली. माणसांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवलं, चेहरे दाखवले आणि मुद्दाम डोळ्यांच्या भागाकडेच बघायला लावलं. त्या वेळी ऑटिस्टिक माणसांच्या मेंदूतले खोल आत असलेले काही भाग, जे समोर चेहरा आला की सावध होतात, ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त खळबळले. म्हणजे डोळ्यांत बघणं त्यांना नुसतं अवघड नसतं, झोंबतं. आणि गंमत म्हणजे ऐकायचं काम कानांचं आहे. पवनीची मुलगी कपाळाकडे किंवा दोन भुवयांच्या मधे बघते, तिथे बघितलं तरी समोरच्याला वाटतं हिनं आपल्या डोळ्यांत बघितलं. हवं तर आत्ता करून बघा. ‘माझ्याकडे बघून बोल’ हे वाक्य मोठ्यांनी जरा जपून वापरावं, असं माझं मत आहे.

आता तुम्ही विचाराल, मी मुलगीच का रचली? मुलगाही लपवतोच की. लपवतो. पण मुलींचं लपवणं जास्त काळ खपून जातं. अमेरिकेत मिशेल डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांतल्या ९६ मुलामुलींची मधली सुट्टी बघितली. हो, मधली सुट्टीच! शास्त्रज्ञ झाल्यावर असंही काम मिळतं. ऑटिस्टिक मुलगे बहुतेक वेळ एकटेच असायचे, आणि बाकीचे मुलगे मोठमोठे खेळ खेळत असल्यामुळे तो एकटेपणा मैदानात लांबून कळायचा. ऑटिस्टिक मुली मात्र बाकीच्या मुलींच्या आसपास असायच्या. एका घोळक्यात थोडा वेळ, मग बाहेर, मग दुसऱ्या घोळक्याजवळ. कुणाशी धड खेळणं नाही की धड बोलणं नाही. पण व्हरांड्यातून बघणाऱ्या शिक्षकांना वाटणार, चाललंय की छान!

मुली सुटून जातात ही तशी जुनीच गोष्ट आहे. ऑटिझमचा शोध म्हटलं की १९४३ सालचे डॉ. लिओ कॅनर आणि त्यांनी अभ्यासलेली ११ मुलं आठवतात. पण त्याच्याही आधी, १९२५ साली, मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा नावाच्या डॉक्टरीणबाईंनी सहा मुलग्यांचं असंच बारकाईनं वर्णन छापलं होतं, आणि दोन वर्षांनी त्यांनी मुलींबद्दलही लिहिलं. ते जगाच्या लक्षात यायला जवळपास शंभर वर्षं लागली. असो. मला रशियन येत नाही, नाहीतर मीच आधी सांगितलं असतं!

तर आपली मुलगी. शाळा सुटते. घरी येते. दप्तर एका कोपऱ्यात, ती दुसऱ्या. आई विचारते, ‘काऊन वं, जेवतेस का?’ एवढ्यावरून तिला रडू फुटतं. कधी वाटी भिरकावते, कधी तासभर पांघरुणात गुरगटून पडते. आईला कळत नाही, झालं काय? खरं तर त्या दिवशी काहीच झालेलं नसतं. सकाळपासून मोजणं चाललं होतं, ते आता संपलंय, एवढंच. आई शाळेत येऊन सांगते, ‘घरी फार चिडते हो.’ मॅडम म्हणतात, ‘इथे तर किती शहाणी!’ दोघीही खरं बोलतात. पण दोघींनाही वाटतं, दुसरी उगाच वाढवून सांगतेय.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते तेव्हा तर विचारू नका. भंडारा-गोंदियाकडची मंडई म्हणजे दंडार, दुकानं, भोंगे, आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. गावोगावचे पाहुणे घरात. प्रत्येक मावशीला, आत्याला, काकाला नमस्कार, हसू, ‘आणि तुम्ही कसे आहात?’ बाकीच्या पोरांची चंगळ असते. या मुलीलाही जत्रा आवडते बरं का, तिला आकाशपाळण्याचे पाळणे मोजायचे असतात. पण मंडईनंतर दोन दिवस ती कुणाशी बोलत नाही. लोक म्हणतात, फुगून बसली.

त्या ९२ जणांच्या उत्तरांतही सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार हीच होती, थकवा. काहींनी तर आणखी विचित्र वाटणारी गोष्ट सांगितली. इतकी वर्षं दुसऱ्यांसारखं वागल्यावर आपण मुळात कसे होतो, हेच आठवेनासं होतं. आणि लपवणं साधलं की दुसरी पंचाईत होते. मदत मिळत नाही, कारण मदत हवी आहे हे दिसतच नाही. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ साली तो महाराष्ट्रातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतात, आणि त्यांनी शोधायच्या गोष्टींत स्वमग्नताही आहे. ती मोजायला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं ४० मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टीही तयार केलेली आहे. तिच्यातला पहिलाच मुद्दा कोणता असेल, सांगा बरं? नजरेला नजर देणं! म्हणजे भुवयांच्या मधे बघायला शिकलेल्या मुलीनं पहिलाच प्रश्न चकवला. म्हणून जाणकार डॉक्टर नुसतं बघून थांबत नाहीत. घरी काय होतं ते आईला विचारतात, आणि ‘असं वागायला तुला किती कष्ट पडतात?’ हे मुलीला विचारतात.

आता झाडीबोलीकडे परत या. समजा एक जण झाडीबोलीत बोलतोय आणि दुसऱ्याला ती कळत नाही. चूक कुणाची? अर्धी-अर्धी, नाही का? ऑटिझमच्या बाबतीत मात्र बराच काळ सगळी चूक एकाच बाजूला टाकली जायची. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही, बस्स. २०१२ साली डेमियन मिल्टन नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं विचारलं, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत.

प्रश्न तर बिनतोड होता. पण तपासायचा कसा? स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी त्यासाठी जो प्रयोग केला, तो तुम्ही सगळ्यांनी लहानपणीच केलेला आहे. कानगोष्टी! आठ-आठ जणांच्या साखळ्या. पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्यानं ती दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटच्यापर्यंत किती तपशील पोचले ते मोजायचं. काही साखळ्यांत सगळे ऑटिस्टिक, काहींत एकही नाही, काहींत एकाआड एक. ऑटिस्टिक माणसांना बोलणं पोचवता येत नाही हे खरं असेल, तर त्यांच्या साखळीत गोष्टीचा पार चुराडा व्हायला हवा होता.

झाला नाही. २०२० साली निकाल छापून आला, तो असा. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीनं गोष्ट एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीइतकीच चांगली पोचवली. गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळीत. मग २०२५ साली तीनशेहून जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग पुन्हा झाला, आणि या वेळी मिसळलेली साखळीही मागे पडली नाही. विज्ञानात असं होतं, मोठा प्रयोग लहान प्रयोगाचा कान पकडतो. पण ऑटिस्टिक साखळी दोन्ही वेळा कुणाहून कमी ठरली नाही.

हा प्रयोग करायला विद्यापीठ लागत नाही. वर्गात आठ जणांची रांग करा आणि कमीत कमी वीस तपशील असलेली गोष्ट निवडा. नावं, आकडे, रंग, वार, काय वाटेल ते घाला. कानात कुजबुजू नका, बाजूला नेऊन शांतपणे सांगा. शेवटच्याकडे वीसपैकी किती पोचले आणि मधल्या कुणी पदरचं काय घातलं, ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. शिक्षकांनाही रांगेत घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांना मधे उभं करा.